वैद्यकीय संकेतांकन व देयकलेखन : सीमाभागातील विद्यार्थ्यांपुढील एक मार्ग

(बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील पालक, शिक्षक व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



तुरीच्या राशी चालू असताना औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतून वेळ काढून आपण येथे आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मंचावर वैद्यकीय अधिकारी आहेत, अनुभवी शिक्षक आहेत. मी मात्र कलाशाखेचा पदवीधर. वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या बाटलीपुरताच. तरीही या विषयावर मी बोलावे असे ठरले, त्याचे कारण एक माहितीपत्रक होय.

गेल्या महिन्यात एक भगिनी ते रंगीत पत्रक घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. त्यांची कन्या जीवशास्त्र घेऊन पी.यू.सी. उत्तीर्ण झालेली. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापले होते : वैद्यकीय कोडिंग व बिलिंगची पदवी सहा महिन्यांत, नोकरीची हमी. शुल्काचा आकडा मी येथे सांगत नाही. त्यासाठी हातातल्या पाटल्या गहाण ठेवण्याचा विचार त्या माउलीने केला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. "साहेब, हे खरे आहे का, एवढंच सांगा," असे त्या म्हणाल्या. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. चौकशी करून सांगतो, असे म्हणून मी त्यांना परत पाठविले. त्या चौकशीतून जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

हे कोडिंग म्हणजे आहे तरी काय? आपण त्याला संकेतांकन म्हणू. आपल्या शेताला सर्व्हे नंबर असतो. घरात आपण 'पिंपळाखालचे शेत' किंवा 'ओढ्याकाठचा तुकडा' असे म्हणतो. परंतु पहाणीच्या उताऱ्यावर, बँकेत आणि कचेरीत तो नंबरच चालतो, कारण पिंपळाखालची शेते तालुक्यात शंभर असतील. रोगांचेही असेच आहे. ज्याला आपण साखरेचा आजार म्हणतो, त्याला आपला कन्नड शेजारी 'सक्करे कायिले' म्हणतो, उर्दू शिकलेली जुनी मंडळी 'झियाबेतुस' म्हणत, आणि शाळेच्या पुस्तकात तो मधुमेह असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मात्र प्रौढपणी बहुधा आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला एकच संकेतांक आहे : 'ई ११'. उच्च रक्तदाब म्हणजे 'आय १०'. विषमज्वर म्हणजे 'ए ०१.०'. सर्पविषाची बाधा म्हणजे 'टी ६३.०', आणि ती विषारी सापाच्या संपर्काने झाली हे सांगणारा वेगळा संकेतांक 'एक्स २०'. विंचवासाठी 'एक्स २२'. कुत्रा चावला तर 'डब्ल्यू ५४'. रोग्याचे कागद वाचून त्यांतील प्रत्येक निदानाला व प्रत्येक उपचाराला योग्य संकेतांक लावणे, हे संकेतांकन करणाराचे काम.

देयकलेखन हा त्याचा पुढचा भाग. आपण माल घेऊन अडतीवर जातो, तेव्हा वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत असे सगळे मांडून अडत्या पट्टी करून देतो. त्या पट्टीत एक ओळ चुकली तर काय होते, हे शेतकऱ्याला मी सांगावयास नको. रुग्णालयाने शासनाच्या योजनेकडे किंवा विमा कंपनीकडे पाठविण्याचा दावा ही तशीच एक पट्टी असते. निदान एक, शस्त्रक्रिया दुसरीच, तारखा तिसऱ्याच, असे झाले की दावा अडतो.

ही विद्या काल-परवाची नव्हे. १६६२ मध्ये लंडनच्या जॉन ग्रांट नावाच्या कापड-व्यापाऱ्याने शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवरून पुस्तक लिहिले. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी इंग्लंडच्या मृत्युनोंदणीला शास्त्रीय वळण लावले. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या सांख्यिकी परिषदेपुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सर्व रुग्णालयांची आकडेवारी एकाच नमुन्यात ठेवावी अशी सूचना मांडली. पॅरिस नगराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाक बर्तीयों यांनी मृत्यूच्या कारणांची जी यादी १८९३ मध्ये शिकागो येथे सादर केली, तीच पुढे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे मूळ ठरली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी २०१९ मध्ये स्वीकारली जाऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तथापि दहावीचा वापर पुष्कळ ठिकाणी अजून चालू आहे.

आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत गावोगावच्या मृत्युनोंदींत बहुसंख्य मृत्यू 'ताप' या एकाच सदरात घातले जात. हिवताप असो, विषमज्वर असो की आणखी काही, कोतवालाच्या लेखी सारा तापच. त्या नोंदींवरून कोणत्या गावी कोणता रोग माजला हे आज सांगणे दुरापास्त आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची सोय केली. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ व घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ. पण त्यावरही 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिलेले सापडते. आता, हृदयक्रिया बंद पडल्याविना कोणी मरत नाही! ती का बंद पडली, कोणत्या मूळ रोगाने हे सारे सुरू झाले, ते लिहावयाचे असते. सापाने चावून माणूस गेला आणि कागदावर केवळ हृदय बंद पडल्याचे लिहिले, तर आपल्या तालुक्यात सर्पविषावरची लस किती लागते याचा हिशेब कोणी आणि कशावरून करावा?

या संदर्भात आपल्याच जिल्ह्यातील एक घटना सांगितली पाहिजे. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ ने झालेला भारतातील पहिला मृत्यू कलबुर्गीच्या एका ७६ वर्षे वयाच्या गृहस्थांचा होता. १० मार्च रोजी ते वारले आणि रोगनिदान १२ मार्चला पक्के झाले. उपचारासाठी त्यांना हैदराबादेस नेण्यात आले होते; परतताना वाटेत मृत्यू आला. ह्या रोगाला नाव मिळून तेव्हा जेमतेम एक महिना झाला होता. तरीही त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीचा संकेतांक राखून दिला होता : 'यू ०७.१'. पुढे जगभर त्या साथीतील मृत्यूंची मोजदाद ज्या खुणेने झाली, तिचा भारतातील पहिला धनी आपल्या भागातला निघाला, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

आता योजनांकडे वळू. २०१० च्या फेब्रुवारीत वाजपेयी आरोग्यश्री योजना कर्नाटकात प्रथम सुरू झाली ती गुलबर्गा विभागात. हृदयरोग, कर्करोग यांसारख्या मोठ्या आजारांवर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना विनामूल्य उपचार मिळावेत हा तिचा हेतू. ही योजना तेव्हा राज्याच्या एका भागात होती आणि लगतच्या भागात नव्हती. त्यामुळे सीमेच्या अलीकडची व पलीकडची गावे घेऊन संशोधकांना तुलना करता आली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. योजनेत मोडणाऱ्या आजारांनी झालेले मृत्यू, योजना असलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत शेकडा ०.३२, तर योजना नसलेल्या गावांतील तशाच कुटुंबांत शेकडा ०.९० आढळले. कोण कशाने गेले हे घरोघर जाऊन विचारले, रोगवार मांडले, म्हणून हा फरक दिसला. नाही तर योजनेने भले झाले की नाही, यावर नुसती भाषणे झाली असती; आणि ती करणारांत मीही असतो.

२०१८ मध्ये आयुष्मान भारत व आरोग्य कर्नाटक या योजना एकत्र आल्या. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार. इतर कुटुंबांना ठरावीक दराच्या शेकडा ३० इतके साहाय्य, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. या योजनेतही सारा व्यवहार संकेतांकांनीच चालतो. साधे द्वितीय स्तरावरील उपचार '२ अ', गुंतागुंतीचे '२ ब', तृतीय स्तरावरील '३ अ' आणि तातडीचे '४ अ' असे गट आहेत. तातडीचा प्रसंग वगळता रोग्याने प्रथम शासकीय रुग्णालयात जावे. तेथे सोय नसल्यास तेथून चिठ्ठी घेऊन पुढे जावे, असा नियम. रोगी कोणत्या गटात मोडतो, यावर त्याला पुढे पाठविता येते की नाही हे ठरते. म्हणजे टेबलाशी बसून संकेतांक लावणाऱ्या माणसाच्या हातात रोग्याची वाट असते.

आमच्या घरचाच अनुभव सांगतो. माझे मामा भालकीकडचे शेतकरी. ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. मुलगा पुण्यास कारखान्यात नोकरीला. त्याच्या विम्यात आईवडिलांचाही समावेश होता. एका खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्या डॉक्टरांविषयी मामा आजही हात जोडून बोलतात. पैसे उसने आणून भरले, आणि कागद विमा कंपनीकडे धाडले. महिन्याने ते परत आले. दाखल करतेवेळच्या कागदावर 'डावा पाय' होते आणि घरी सोडतानाच्या कागदावर 'उजवा'. मामांनी दुरुस्तीसाठी किती खेपा घातल्या असतील! पाय नुकता जोडलेला, बसचा प्रवास, आणि दर खेपेस "उद्या या". चार महिने गेले, उसन्या पैशांवर व्याज चढले, मामींचे बोलणे खावे लागले ते वेगळेच. कोणी लबाडी केली नव्हती. कागद एकत्र ठेवून वाचणारा माणूस त्या रुग्णालयात नव्हता, इतकेच.

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या संहितेत तर डावे-उजवे हे आकड्यातच असते. मांडीच्या हाडाच्या मानेचा भंग 'एस ७२.०', पुढे अंक जोडून 'एस ७२.००१' झाले की उजवा पाय, 'एस ७२.००२' झाले की डावा. जागतिक संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत सुमारे १४ हजार संकेतांक आहेत. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या तिच्या विस्तारित रूपात ते ७० हजारांच्या घरात गेले. याशिवाय डॉक्टरांच्या कामासाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम काढलेली वेगळी संहिता आहे. तेथे रुग्णालयाला पैसे मिळतात ते या आकड्यांवर. इतके आकडे लावावयाचे म्हणजे माणसे लागणार. म्हणून ते काम हैदराबाद, चेन्नई, बंगळूर येथील कचेऱ्यांत मोठ्या प्रमाणावर आले. आपल्या भागातील पुष्कळ तरुण-तरुणी ज्या कोडिंगच्या नोकरीविषयी बोलतात, ती हीच.

येथे पालकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. कागद वाचून संकेतांक लावण्याचे काम बहुधा दिवसा चालते. अडलेल्या पैशांसाठी अमेरिकेतील विमा कंपन्यांशी दूरध्वनीवर बोलण्याचे काम मात्र रात्रीचे, कारण आपली रात्र हा त्यांचा दिवस. जाहिरातीत दोन्ही एकाच नावाखाली येतात. मुलीला कोणत्या कामासाठी घेत आहेत, हे आधीच विचारावे. शिवाय डॉक्टरांचे टिपण वाचून संकेतांक सुचविणारी संगणकीय साधने आता आली आहेत. सोपे, ठरावीक काम यंत्राकडे जात आहे. यंत्राने सुचविलेले तपासणारा जाणकार माणूस लागतो. तेव्हा वरवर शिकून चालेल, असे दिवस आता राहिलेले नाहीत.

शिकावे लागते ते काय? शरीररचना, शरीरक्रिया, रोगांची ओळख, औषधांची नावे, रुग्णालयीन अभिलेख ठेवण्याची रीत, आकडेशास्त्र, विमा, कायदा, संगणक. त्यात वैद्यकीय परिभाषा हा विषय मला स्वतःला फार आवडला. आमच्या मराठी शाळांतील मुले इंग्रजी वैद्यकीय शब्दांना भितात. पण ज्याने संस्कृतात धातू, उपसर्ग व प्रत्यय शिकले, त्याला हे शब्द परके वाटू नयेत. शेवटी 'आयटिस' आले की दाह. शेवटी 'एक्टमी' आले की तो भाग कापून काढणे. आरंभी 'हायपर' म्हणजे अधिक, 'हायपो' म्हणजे उणे. 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'हेपट' म्हणजे यकृत. मग 'नेफ्रायटिस' म्हणजे मूत्रपिंडाचा दाह आणि 'नेफ्रेक्टमी' म्हणजे मूत्रपिंड काढणे, हे मूल आपणहून सांगेल. शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की, नववी-दहावीच्या मुलांना असे वीस-पंचवीस शब्द फोडून दाखवावेत. आपल्या भागातील मूल घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी उर्दू आणि शाळेत इंग्रजी असे चार भाषांत वाढते. नावांचे चार परींनी होणारे लेखन ते रोज पाहते. शिधापत्रिकेवर कन्नडवरून उतरलेले नाव एक आणि आधारपत्रावर दुसरे, यामुळे रोग्याचे किती हाल होतात हे त्याला सांगावे लागत नाही. अशा मुलाची नजर ह्या कामात उपयोगी पडावी.

आता पदवीचा मुद्दा. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ अन्वये पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. सहा महिन्यांत कोणी पदवी देऊ शकत नाही. सहा महिन्यांत मिळते ते प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. ते वाईट असते असे नव्हे, पण त्याला पदवी म्हणणे ही फसवणूक होय. आपल्याकडे ह्या विषयाची खरी पदवी बहुधा 'आरोग्य माहिती व्यवस्थापन' या नावाने असते. आपल्याच राज्यात मणिपाल येथे तिची सोय आहे. कर्नाटकाच्या पॅरामेडिकल बोर्डाची 'मेडिकल रेकॉर्ड्स टेक्नॉलॉजी' ही पदविका आहे. केंद्र शासनाच्या आरोग्य माहिती विभागामार्फत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय व पुदुच्चेरीची जिपमेर संस्था येथे वैद्यकीय अभिलेखांचे प्रशिक्षण दिले जात आले आहे.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय अभिलेख विश्लेषकाबरोबर 'क्लिनिकल कोडर' हे नाव स्पष्टपणे आले आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यास किमान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले शिक्षण असावे, असे हा कायदा सांगतो. पत्रकावरील सहा महिन्यांशी हे ताडून पाहावे.

अमेरिकी कामासाठी तेथील व्यावसायिक संघटनांच्या परीक्षा असतात. त्यांतील 'सी.पी.सी.' ही आपल्याकडे अधिक दिली जाते : १०० प्रश्न, ४ तास, संहितेची पुस्तके जवळ ठेवण्यास मुभा, आणि उत्तीर्ण होण्यास शेकडा ७० गुण. पुस्तके जवळ असूनही पुष्कळांना ती जड जाते, कारण कोठे पाहावयाचे हे आधी ठाऊक असावे लागते. अनुभव नसलेल्या उत्तीर्णाच्या नावापुढे शिकाऊपणाचे 'ए' अक्षर लागते. नोकरी देणाऱ्या कंपन्या बहुधा जीवशास्त्राचे, औषधनिर्माणशास्त्राचे, परिचर्येचे किंवा आयुर्वेदाचे पदवीधर आधी निवडतात. तेव्हा पी.यू.सी. झालेल्या मुलीने प्रथम पदवी पदरात पाडावी आणि मग ह्या परीक्षेकडे वळावे, हा क्रम मला अधिक सुरक्षित वाटतो. इंग्रजी वाचनाचा सराव मात्र आजपासून हवा.

आणि सर्वांनीच हैदराबादेकडे का पाहावे? बिदरला २००७ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कलबुर्गीलाही ते आहे. कलबुर्गीचे महादेवप्पा रामपुरे महाविद्यालय तर १९६३ पासूनचे. योजनांशी जोडलेल्या प्रत्येक रुग्णालयाला दाव्याचे कागद नीट ठेवणारा माणूस लागतो, आणि विमा कंपन्यांच्या दाव्याच्या नमुन्यात रुग्णालयाने भरावयाच्या भागात संकेतांकासाठी रकाना असतो. पगार तेथे महानगराइतका मिळणार नाही, हे मी लपवीत नाही. घटनेच्या ३७१ (जे) कलमाने आपल्या भागाला शिक्षणात व नोकऱ्यांत जे आरक्षण मिळाले आहे, त्याचे पात्रता-प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवावे. प्रवेशाच्या आदल्या दिवशी धावपळ करणारे पालक मी दर वर्षी पाहतो.

त्या भगिनींना मी काय सांगितले, ते आता सांगतो. पत्रकावरील संस्थेला चार प्रश्न लेखी विचारावयास सांगितले : पदवी कोणत्या विद्यापीठाची, अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, शुल्क परत मिळण्याची अट काय, आणि गतवर्षीच्या कोणत्या विद्यार्थ्यांना कोठे नोकरी लागली. पंधरा दिवस झाले. दूरध्वनी दोनदा आला, लेखी उत्तर अद्याप आलेले नाही. मुलीने दरम्यान बी.एस्सी.चा अर्ज भरला आहे. माय-लेकी आज ह्या सभेत आहेत, म्हणून त्यांचे नाव घेत नाही.

ज्यांना पदविकेच्या प्रवेशाविषयी विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी वैद्यकीय अधिकारी येथे थांबणार आहेत. कन्नडमधून विचारले तरी चालेल. आणि ज्यांचे आयुष्मानचे दावे किंवा कागद अडले असतील, त्यांनी ते सोबत आणले असल्यास बाहेरच्या टेबलाशी दाखवावेत. शिधापत्रिका व आधारपत्र दोन्ही हातात ठेवावे.